स्टिअरिंगवरची चिंधी

अण्णा गाडीत बसताना चपला बाहेर काढत. गाडी देवळासारखी स्वच्छ असे म्हणून नव्हे. बहुतेक गाड्यांत शेंगांची टरफलं असत. त्यांना ब्रेकचं पेडल अनवाणी पायानं दाबायचं असे. "डॉक्टर नाडी हातानं बघतोय, मी पायानं. फरक इतकाच, माजा पेशंट खोटं बोलत न्हाय," असं म्हणत.

राजारामपुरीत एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. ब्रेकशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नसत. "गाडी पळवायला कुनालाबी येतंय. थांबवायला मी लागतोय." गिऱ्हाइकांना ते नावानं नव्हे, दुखण्यानं हाक मारत. एक 'करकर पावणं' होते, एक 'गळतीवालं वकील'. मला 'घाईवालं सायब' म्हणत. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात होतो. दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधणं हे माझं काम.

पेडल मऊ लागतंय अशी तक्रार आली की अण्णांचं निदान ठरलेलं. "लुसलुशीत लागलं तर पायपात हवा. दाबून धरल्यावर हळूहळू बुडालं तर सिलिंडर गेला. आन् चार दाबांत आपसूक घट्ट झालं तर मिस्त्री गाढव." नवे पॅड बसवताना आतला पिस्टन मागं ढकलावा लागतो, त्यामुळं पहिले काही दाब पोकळ जातात. ते मिस्त्रीनं गाडी द्यायच्या आधीच मारून घ्यायचे. तोवर अण्णा स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवत. चिंधी आहे तोवर गाडीला मालकानंही हात लावायचा नाही. नसेल तर खुशाल न्या.

सहा वर्षांपूर्वी मी पॅड बदलायला गाडी दिली. दुपारी गेलो तर चाकं चढवलेली, चिंधी बांधलेली, आणि अण्णा आत भाकरी खात बसलेले. माझी दुसरी पाळी होती. त्यांच्या चार घासांसाठी मी कशाला थांबू? चिंधी सोडली, खिशात कोंबली, गाडी काढली. बोळाच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. गाडी समोरच्या हाडांच्या दवाखान्याची पाटी घेऊन पायरीवर चढली. माणूस कुणी सापडलं नाही, यात माझी हुशारी काही नाही. बॉनेटवर मात्र 'अस्थिरोगतज्ज्ञ' आडवे पडले होते.

गर्दी जमली. "अण्णा, म्हातारपण आलं की वं!" शेजारचा रसवाला ओरडला. अण्णा खरकट्या हातानंच आले. चाकांमागं वाकून बघितलं, गळती नव्हती. ब्रेक ऑइल बघितलं; भरलेलं होतं. मग अनवाणी पाय पेडलवर ठेवला. एक, दोन, तीन. चौथ्याला पेडल दगड झालं.

"मिस्त्री गाढव," हळूच म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "सायब, चिंधी हुती का वं?"

"नव्हती, अण्णा."

"मला तर बांधल्याली आठवतीया."

"नव्हती."

माझा हात खिशात होता. मुठीत चिंधी होती.

त्या दिवसापासून अण्णांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. गॅरेजचं कुलूप तीनदा ओढून बघत, निम्म्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा ओढत. चहाच्या किटलीला चिंधी, स्कूटरला चिंधी, संडासाच्या दारालाही चिंधी. लोक हसायचे. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं. वर्षभरात त्यांनी गॅरेज बंद केलं आणि नेसरीला लेकीकडं गेले. "डोकं दगा देतंय. उद्या कुनाचा जीव गेला मंजे?" एवढंच म्हणाले.

हल्ली माझाही चष्मा सापडत नाही. ठेवला कुठं ते आठवत नाही, आणि डोकं चाललं की काय अशी भीती वाटते. हीच भीती मी एका शाबूत डोक्याच्या माणसाच्या गळ्यात बांधली, हे आता कुठं मला नीट कळलं. गेल्या महिन्यात नेसरी गाठली.

अण्णा अंगणात भिजवलेले बदाम सोलत होते. "लेक खायला लावतीया, आठवन ऱ्हावी म्हनून. घोड्यानं बी एवढं खाल्लं नसतील."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "अण्णा, चिंधी होती. मी सोडली. खिशात घातली."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "मंजे मी बांधलीती?"

"होय."

"नीट बांधलीती?"

"दोन गाठी होत्या."

अण्णा उठले. मग आत वळून लेकीला ओरडले, "सुमे, बदाम बंद! डोकं माजं बरं हाय! ह्या बेन्यानं मला सहा वर्सं येडं केलंय!"

मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही. दारात जावयाची जीप उभी होती. तिचं पेडल कधीचं लुसलुशीत होतं, पण अण्णांनी तिला कधी हात लावला नव्हता. आता ते पाना घेऊन चाकापाशी बसले आणि मला सीटवर बसवलं. पायपातली हवा काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा.

"दाब," खालून आवाज आला.

दाबलं.

"धर. मी सोड म्हनस्तवर पाय उचलायचा न्हाय."

धरलं. थोड्या वेळानं नळावर हात धुतल्याचा आवाज आला. मग ओसरीवर कपबशीचा. "सुमे, साखर जरा जास्त टाक," अण्णा निवांत सांगत होते, "आन् संगट खारी बी आन."

पोटरीत गोळा आला. मी पाय उचलला नाही.