करंटआत्या आणि बोल्टाखालचा रंग

"कंपनीच्या वायरीला ब्लेड लागलं ना बारके, तर मी तुझा भाऊ नाही."

"बरं झालं. गिऱ्हाईक म्हणून तरी गप्प बसशील."

"गिऱ्हाईक बोलणारच. गिऱ्हाइकाचा हक्क असतो."

"मग गिऱ्हाइकाने टॉर्च नीट धरावी. माझ्या डोळ्यांत नको, वायरीवर."

भांडण ट्रकच्या केबिनमध्ये चाललं होतं. करंटआत्या डॅशबोर्डखाली उताणी शिरली होती आणि दारातून बाहेर तिचे फक्त पाय दिसत होते, एका पायात चप्पल, दुसरा मोकळा. तिचा थोरला भाऊ स्टिअरिंगमागे टॉर्च घेऊन बसला होता आणि त्या पायांशी वाद घालत होता. एखादं बोलणं पटलं नाही की मोकळ्या पायाचा अंगठा ताठ व्हायचा. यार्डातले दोघे टायरवाले हातातलं काम टाकून त्या अंगठ्याकडे बघत उभे होते.

भांडणाचं मूळ साधं होतं. दादाने गाडीसाठी अँप्लिफायर आणला होता. जुन्या सामानाच्या दुकानात चार-पाच हातांत तोलून, कलिंगडासारख्या टिचक्या मारून, त्यातला सगळ्यात जड निवडून. जड आहे म्हणजे आत माल आहे, एवढं त्याचं शास्त्र. पण कंपनीने बसवलेल्या स्टीरिओला असलं काही जोडायला मागे वेगळं तोंडच नव्हतं. आवाज जायचा तो स्पीकरच्या वायरींतून. म्हणजे उचलायचा तोही तिथूनच, म्हणजे वायर कापणं आलं. आणि कंपनीने जे केलंय त्यात हात घालणारा माणूस दादाच्या मते जन्मदात्यांनाही सुधारायला कमी करणार नाही.

गाडी येऊन तीन वर्षं झाली होती, तरी सीटवरचं प्लास्टिक त्याने काढलं नव्हतं. बसलं की ते वाळक्या पानांसारखं वाजायचं. लोक खिशात पेन ठेवतात. हा गाडीच्याच निळ्या रंगाची बाटली ठेवायचा, बोटभर, झाकणालाच ब्रश असलेली. कुठे ओरखडा दिसला की थांबून ठिपका दिलाच. उघडा पत्रा म्हणजे गंजाला आवतण, हे वाक्य त्याने यार्डातल्या प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं होतं. इंजिनाचंही तसंच. अर्ध्या मिनिटाचा जरी थांबा असला तरी किल्ली फिरवून बंद करायचा. डिझेल काय नळाला येतं का, म्हणायचा.

अशा माणसाला मोठा आवाज कशाला हवा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. जुनी गाणी ऐकायचीत, चढाला इंजिन ओरडतं, काही कळत नाही, एवढंच. करंटआत्याने मान डोलावली होती. तिला खरं कारण ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं, कारण वहिनीने दोघांनाही ते वेगवेगळं, गळ्याची शपथ घालून सांगितलं होतं.

आज संध्याकाळी पाच वाजता दादाच्या मुलीचा आवाज पहिल्यांदा रेडिओवर येणार होता.

मुलीला सगळे हॉर्न म्हणायचे. नाव दादानेच पाडलेलं. पाच वर्षांची असताना जुन्या ट्रकचा हॉर्न बिघडला, तेव्हा पोरगी खिडकीतून अर्धी बाहेर निघून रस्ताभर ओरडत आली होती, बाजूला व्हा, आमचे बाबा येतायत. अख्खा बाजार बाजूला झाला. पुढे दादाने ओळखीपाळखीने तिला वजनकाट्यावर चिकटवून दिलं. पंख्याखालची, कायमची नोकरी. चार महिन्यांपूर्वी तिने ती सोडली आणि रेडिओ स्टेशनात उमेदवारीला लागली. दादा म्हणाला, बोलण्याला पगार मिळत असता तर तुझी आत्या लखपती झाली असती. हॉर्नने बॅग उचलली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. तेव्हापासून बापलेकीत एक अक्षर नाही.

पाच वाजता दादाची गाडी रस्त्यावर असणार होती, माल भरून, घाटाच्या पायथ्याशी. कडेला थांबून, इंजिन बंद करून ऐकता आलं असतं. पण थांबला असता तर मुद्दाम थांबला, असं झालं असतं. चालत्या गाडीत आपोआप कानावर पडलं, तर तो काय कुणाचा गुन्हा नव्हे. अँप्लिफायर त्यासाठी होता.

आणि करंटआत्यालाही ते काम आजच आणि चोख व्हायला हवं होतं. कारण जुनं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिने घरातला रेडिओ उघडला होता, आतला माणूस जेवतो कधी ते बघायला. माणूस सापडला नाही. रेडिओ परत बंद केला तेव्हा एक स्क्रू हातात उरला आणि आवाज मात्र गेला. वडिलांनी विचारलं, कुणी केलं. दादा म्हणाला, माझ्या हातून पडला. त्याने खाल्लेला मार तिने दाराआडून मोजला होता. तो स्क्रू अजून तिच्या हत्यारांच्या डब्यात, फ्यूजच्या कप्प्यात पडलेला आहे. त्यानंतर तिने उघडलेलं काहीही बंद पडू दिलं नाही: आधी गल्लीतल्या इस्त्र्या, मग शिलाई मशिनच्या मोटारी, मग गाड्या. शिलाई मशिनच्या नादात नवराही मिळाला. तो शिंपी. तो म्हणतो, हिच्याकडे काहीही दुरुस्तीला न्या, ही आधी उसवतेच.

तिचं दुकान म्हणजे यार्डाच्या फाटकाजवळचा पत्र्याचा डबा. भिंतीला रंगवार वायरी टांगलेल्या, शाळेतल्या मुलींच्या रिबिनींसारख्या. बसायला मोडक्या बसची खिडकीकडची सीट. करंटआत्या खरं तर एकट्या हॉर्नची आत्या. पण हॉर्नने एकदा फाटकातून हाक मारली आणि हॉर्नची हाक म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाणार. तेव्हापासून सत्तरीचा वजनकाटेवालाही तिला आत्याच म्हणतो.

तर, वायर कापायची नाही म्हणता म्हणता दुपारचे दोन वाजले. शेवटी पाय आत ओढले गेले आणि डॅशबोर्डखालून डोकं निघालं, केसांत कोळ्याचं जाळं. आत्या तडक डब्यात गेली, भंगारात आलेला त्याच कंपनीचा एक मेलेला स्टीरिओ शोधला आणि त्याच्या पाठीचं सॉकेट आणि प्लग काढून दोन्हींच्या मध्ये वायरींचा एक जोड तयार केला. आता हा जोड स्टीरिओ आणि गाडीच्या प्लगच्या मध्ये बसणार. आवाज त्यातूनच अँप्लिफायरकडे वळणार आणि मोठा होऊन स्पीकरकडे परत येणार. कंपनीची एकही वायर कापली जाणार नाही. उद्या नको झालं तर उपटून फेकून दे, ती म्हणाली.

दादाने चष्मा लावून तो जोड दोन्ही बाजूंनी पाहिला, उजेडात धरला, आणि चूक सापडली नाही म्हणून नाइलाज झाल्यासारखं तोंड केलं.

मग व्होल्टेजवरून जुंपली. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या, मिळून चोवीस व्होल्ट. अँप्लिफायर मोटारीतला, बाराचा. दादाचं म्हणणं, सोपं आहे, एकाच बॅटरीला जोड.

"आणि दुसरीने काय करायचं? एकीला राबवलंस की ती वाळते आणि बसून खाणारी फुगते. मग दोघीही जातात. घरात कधी बघितलं नाहीस?"

"माझ्या घरात एकच आहे."

"म्हणून टिकलीय."

तिने व्होल्ट उतरवणारा डबा मध्ये बसवला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. सीटमागे, केबिनच्या पत्र्यातला एक बोल्ट काढला, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा आरशासारखा चकचकीत केला आणि अर्थची वायर तिथे आवळली. करंट गेला तसा परतही यायला हवा, आणि परतीची वाट ही एवढीच होती. घासताना दादाने तोंड फिरवलं. दात काढताना पोराचा बाप फिरवतो, तसं.

साडेतीनला इंजिन सुरू करून स्टीरिओ लावला. आवाज असा आला की प्लास्टिकखालची सीट थरथरली आणि टायरवाल्यांनी पाने आपटत ठेका धरला. वजनकाटेवाला बाहेर येऊन विचारू लागला, लग्न कुणाचं. करंटआत्या केबिनच्या पायरीवर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचली, पन्नाशीच्या बाईला शोभेल त्याच्यापेक्षा बरंच जास्त. दादाने इंजिन बंद केलं, पण हसू बंद करायला त्याला वेळ लागला.

ती हात धुवायला आणि चहा प्यायला गेली. वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं.

परत आली, तेव्हा दादा निघायच्या तयारीत. माल भरलेला, कागद खिशात. शेवटचं एकदा ऐकू म्हणून त्याने इंजिन लावलं, आणि स्टीरिओतून गाण्याऐवजी शीळ आली. बारीक, नाकातली, कानात काडी घातल्यासारखी. त्याने ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, सोडला की उतरायची. गाणं मधूनमधून तुटायचं, बुडणाऱ्या माणसासारखं वर यायचं.

सव्वाचार. करंटआत्या पुन्हा डॅशबोर्डखाली. तिने जोड काढून घातला, फ्यूज बदलला, अँप्लिफायरची वायर या बाजूची त्या बाजूला नेली, व्होल्ट उतरवणाऱ्या डब्याला कान लावला. शीळ तशीच. दादा म्हणाला, कंपनीच्या कामात ढवळाढवळ केली की असंच होतं. अंगठा ताठ झाला. मग म्हणाला, राहू दे, जातो मी, उशीर होतोय. पण किल्लीला हात घातला नाही आणि घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

पाचला दहा कमी. आयुष्यात दुसऱ्यांदा तिच्या हातून रेडिओ मुका होत होता, आणि तोही याच माणसाचा. तिने टॉर्च मागितली. दादाने टॉर्च पुढे केली आणि उजेडात तिला त्याचा अंगठा दिसला.

अंगठ्यावर निळा ठिपका होता. अजून चिकट.

तिने सीटमागे हात घालून बोल्टाला नाक लावलं. रंगाचा ताजा वास.

"दादा, मी चहाला गेल्यावर तू हा बोल्ट काढलास?"

दादा समोरच्या काचेतून लांब बघत म्हणाला, पत्रा उघडा पडला होता. नुसता एक हात दिला, पातळ. आणि बोल्ट परत आवळला, तुझ्यापेक्षा घट्ट.

"परतीच्या वाटेवर भिंत बांधलीस, आणि वर म्हणतोस घट्ट बांधली."

"गंज लागला असता."

"लागू दे. दर महिन्याला मी येऊन घासीन. मरेपर्यंत घासीन. पण आता तो ब्रश इकडे दे."

बाटली खिशातून निघून तिच्या हातात आली. तिने ती सरळ ब्लाउजमध्ये खोचली. पाना, बोल्ट, पॉलिश पेपर. चार मिनिटं ती पत्रा घासत राहिली. या वेळी दादाने तोंड फिरवलं नाही. टॉर्च धरली, आणि नेमकी पत्र्यावर धरली.

बोल्ट आवळला, किल्ली फिरली. शीळ नाही. मगाशी काही ऐकू येईना म्हणून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्यामुळे पाचच्या ठोक्याला हॉर्नचा आवाज केबिनमध्ये आला नाही, तो अख्ख्या यार्डावर कोसळला.

रस्त्यांच्या बातम्या होत्या. पुलाचं काम चालू आहे, अवजड गाड्यांनी जुन्या रस्त्याने जावं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दगड आलेत, सावकाश. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापत होता, मग त्याला गिअर सापडला. टायरवाले पाने धरून उभे. वजनकाट्यावर चढलेली गाडी उतरायची विसरली. आणि शेवटी हॉर्न म्हणाली, कागदावरचं नव्हे, आपलं आपण बोलल्यासारखं:

"आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवू नका. डिझेल पुन्हा भरता येतं. घरचे वाट बघत असतात."

हे वाक्य दादाचं होतं. शब्द न् शब्द. तो नव्या ड्रायव्हरांना ते ऐकवायचा, आणि त्याच्या मांडीला टेकून बसलेली पाच वर्षांची पोरगी तेव्हा म्हणे झोपलेली असायची.

मग गाणं लागलं. करंटआत्याला एकदम इतकं हसू आलं की डोळे पुसताना निळा रंग गालाला लागला. तिने आवाज कमी केला आणि भावाकडे बघितलं.

"आता फोन येईल तिचा, मला. काय सांगू? बाबांनी ऐकलं म्हणू, की बाबा गाणी ऐकत होते म्हणू?"

दादाने डॅशबोर्डवरून आपला फोन उचलला. दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि खाली उतरून चालायला लागला, टायरवाल्यांमधून, त्यांच्याकडे न बघता, टायरांच्या ढिगामागे, जिथे जरा शांत असतं तिकडे.

मागे दार सताड उघडं होतं, आणि इंजिन चालूच.