नाक्यावरची झडती

अण्णामामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी न्हाव्यासमोर बसलो होतो आणि माझी अर्धीच दाढी झाली होती. तसाच उठलो, सायकल काढली आणि सिव्हिल लाइन्सहून दीक्षितपुऱ्यात पोचलो. दारात मामी भेटली. डोळे रडून सुजलेले, पण माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "ते असते तर म्हणाले असते, हा माल परत पाठवा," ती म्हणाली. मग शेजाऱ्यांच्या देखत आम्ही दोघंही हसत-रडत उभे राहिलो... मामांच्या घरात दुःखालासुद्धा कधी धड गंभीर राहता आलं नाही.

मामा तोफांच्या कारखान्यात तपासनीस होते. लढाईच्या त्या वर्षांत कारखाना रात्रंदिवस चाले, क्वार्टरच्या खिडक्यांना काळे कागद लागलेले, आणि मामा घरी फक्त आंघोळीला येत असं मामी म्हणे. फाटकावर रोज झडती. हात वर करायचे, डबा उघडून समोर धरायचा. ही गोष्ट कारखान्यातल्या माणसांच्या इतकी अंगवळणी पडली होती की सिनेमाच्या दारात कोणी नुसतं अडवलं तरी निम्मी रांग हात वर करून उभी राही. क्वार्टरला खोली एकच. तीत मामा, मामी, त्यांच्या दोन मुली आणि मी. मी नोकरी शोधायला म्हणून आठ दिवसांसाठी आलो होतो. पुढे रेल्वेत नोकरी लागली, तरी हललो नाही. मामी काही बोलत नसे, पण मामांच्या वरची चार्जमनची जागा रिकामी झाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं देवापुढे दोन उदबत्त्या लावल्या, कारण चार्जमनला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळे. मामांच्या बढतीवर तेवढी मोठ्या साहेबांची सही व्हायची राहिली होती.

लढाई थांबल्यावर पहिली मोठी सुट्टी आली. साहेबांनी मामांच्या विभागासाठी, बायकामुलांसकट, मंडल्याकडच्या राष्ट्रीय उद्यानाची सहल काढली. साहेब शौकीन माणूस, शिकारीच्या गोष्टी सांगणारे. आदल्या दिवशी त्यांनी मामांना काहीतरी दुरुस्तीसाठी बंगल्यावर बोलावलं होतं. मामा परतले आणि मामीशी काहीतरी कुजबुजले. जेवले मात्र नाहीत. मला वाटलं, सहीचं काही बिनसलं असेल, आणि त्यांच्या वाटची भाजी मी संपवली.

उद्यानाच्या नाक्यावर बस थांबली. तिथं पाटी होती, की आत शस्त्र नेणं मना आहे, लायसन्सचं असेल तरी नाक्यावर जमा करावं, आणि लपवून नेलं तर गुन्हा. जंगलखात्याचा म्हातारा नाकेदार खिडकीशी आला. "कोई हथियार तो नहीं है, साब?" पुढच्या सीटवरून साहेब म्हणाले, "नहीं, नहीं। चलो।" आडवा बांबू वर जाऊ लागला. तेवढ्यात मामा खाली उतरले, बांबूखाली जाऊन उभे राहिले, डबा उघडून पायाशी ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

बस! पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकामागून एक सगळी बस उतरली आणि रांगेत लागली. हात वर, डबे उघडे. बायका हसून राहिलेल्या, पण त्याही रांगेत. नाकेदार घाबरला. "अरे बाबूजी, मैंने तो बस पूछा था!"

"पूछ लिया, अब देख भी लो, भैया," मामा म्हणाले.

नाकेदारानं गळ्याचं बटण लावलं आणि कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी इतका मान दिला असावा. माझ्या पिशवीतून मफलरात गुंडाळलेल्या करंज्या निघाल्या. "काहून रे, ह्या साहेबांच्या मुलांसाठी होत्या नं!" मामी कडाडली. लपवलेला ऐवज जप्त झालेला त्या रांगेतला एकमेव इसम मी.

साहेब मात्र बसमध्येच. उन्हातही कोट घातलेला, कपाळावर घाम. रांग पुढे सरकू लागली तसे तेही सरकू लागले, जागच्या जागी. शेवटी एकदम उतरले, ताडताड पुढे आले आणि काखेतून एक छोटं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. "लिखिए। लाइसेंसी है। जमा कीजिए।" आणि टाळ्या! साहेब असून नियम पाळला! नाकेदारानं मघाचं 'नहीं' मोठ्या मनानं विसरून कडक सलाम ठोकला. साहेबांना तो घ्यावाच लागला. बसमध्ये चढताना त्यांनी मामांकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत आमची दुसरी खोली धुरासारखी विरताना मला दिसली.

आत सालाच्या दाट झाडीत वळणावर बस थांबली. समोर वाघीण. मागे दोन बच्चे, एकमेकांच्या शेपट्या ओढणारे. साहेबांचा हात झटकन कोटात गेला आणि रिकामाच बाहेर आला. त्या हातानं मग जवळ होतं ते धरलं, आणि तो मामांचा दंड होता. वाघिणीनं आमच्याकडे बघून जांभई दिली, बच्च्यांना पुढे घातलं आणि गेली. मग साहेब हळूच म्हणाले, "पास होती, तो आज चल जाती।" मामांचा दंड त्यांनी मंडला येईपर्यंत सोडला नाही.

महिन्याभरानं त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. "सच बताइए। उस दिन आदत थी या इरादा?" मामा म्हणाले, "आदत, साब।" साहेब बराच वेळ हसले, आणि सही केली. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. दुसऱ्या खोलीत अर्थातच मी गेलो. पुढे आम्ही कितीदा खोदून विचारलं, पण मामांचं उत्तर एकच: सवय.

तेराव्याच्या दुपारी पाहुणे गेल्यावर मी मामीला तेच विचारलं. ती सुपारी कातरत होती.

"आदल्या दिवशी त्या पिस्तुलाचीच स्प्रिंग बसवून आले होते ते," ती म्हणाली. "म्हणे, साहेब कोटात घालून आणून राहिले. गाडीत लेकरं असतील. अडवलं तर खोली गेली समज."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, जाऊ द्या खोली. याला ओसरीत झोपवू."

म्हणजे सगळं आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. बसमधल्या लेकरांसाठी, आणि अजून न दिसलेल्या एका वाघिणीच्या संसारासाठीही, दोघा नवरा-बायकोनं माझं अंथरूण पणाला लावलं होतं आणि मला विचारलंही नव्हतं. मी तेव्हा तिथंच, हातभर अंतरावर, भाजी संपवत बसलो होतो.

निवृत्तीनंतर दीक्षितपुऱ्यात आल्यावर मामा स्वतः ओसरीतल्या खाटेवर झोपत. त्या दुपारी मी त्याच खाटेवर आडवा होऊन पाहिलं. सुंभ मध्ये त्यांच्या पाठीएवढं खोल गेलेलं आहे. माझी पाठ त्यात नीट बसत नाही, पण वारा मात्र छान येतो.