पडद्यावरचा हात

मालवणच्या बंदराजवळ एका हॉलमध्ये मी कॅमेरा आणि कॉम्प्युटरला जोडलेला पडदा लावला होता. समोर उभं राहून हात हलवला की पडद्यावरची ठिपक्यांची सावली तसाच हात हलवायची. कुठल्या हालचालीला लोक हसतात, कशाला बिचकतात, हे बघत मी कोपऱ्यात बसायचो.

मासे विकून झाले की एक म्हातारी रोज यायची. रिकामी पाटी दाराशी ठेवून पडद्यासमोर नुसती उभी राहायची. ती हलायची नाही, तरी तिची सावली हात वर करून बोलवायची, होडीवरून बोलवतात तशी. मी प्रोग्राम पुन्हापुन्हा तपासला. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. म्हातारी मात्र शांतपणे तळवा दाखवून ‘थांब’ म्हणायची.

“कोणाला थांबवता, आजी?”

“आमच्या ह्यांका. दर्यात गेले ते परत ईले नाय. नातीचा लगीन झाला काय मी येतंय, म्हणून सांगलंय त्यांका.”

मग एक दिवस तिने लग्नातला लाडू माझ्या हातावर ठेवला आणि पडद्यासमोर गेली. सावलीने बोलावलं. म्हातारीने तळवा दाखवला नाही. मी धावत जाऊन वायर उपटली.

काळ्या पडद्यासमोरून ती वळली, हसली. “वायर काढून ते थांबतले काय रे?”

ती बंदराकडे चालत गेली. पाटी अजून माझ्याकडेच आहे.