वना पावऱ्याचा हुंकारा

मी तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होतो, आणि रुपचंदला डोंगरातल्या पावरा आदिवासींची पावरी भाषा येते अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली. वडिलांचं किराणा दुकान सातपुड्याच्या पायथ्याशी होतं, त्यामुळे मीठ-तेल विकण्यापुरते शब्द कानावर होते, इतकंच. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

वना पावरा दर हिवाळ्यात डोंगरातल्या पाड्यावरून सावद्याकडे केळीच्या बागांत कामाला यायचा. भला मोठा घड खांद्यावर घेऊन तो बांधापलीकडच्या ट्रकपर्यंत न्यायचा, आणि घडाला ओरखडा म्हणून येऊ द्यायचा नाही. बायको सोबत, झोपडी बागेतच. सत्याऐंशी साली त्या बागेतल्या पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि मालकानं वनाचं नाव घेतलं. बाहेरचा, जंगलातला माणूस. दुसऱ्या कुणावर संशय घ्यायची गरजच काय?

कोर्टात साहेब आरोप वाचू लागले. एकेक वाक्य मी माझ्या मोडक्या पावरीत सांगत होतो. वना खाली बघून, हात जोडून, प्रत्येक वाक्याला म्हणत होता, "हां."

"गुन्हा कबूल म्हणतो का?" साहेबांनी मला विचारलं.

आता खरं सांगतो. त्या 'हां'चा अर्थ मला ठाऊक होता. लहानपणी आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारा पावरा गोष्टी सांगायचा आणि आम्ही पोरं दर वाक्याला 'हां' म्हणायचो. 'हां' थांबला की म्हातारा रुसायचा, गोष्ट तिथंच बंद. मोठं माणूस बोलत असलं की हुंकारा द्यायचा, ही त्यांची रीत. मी ऐकतोय, एवढंच त्याचं म्हणणं.

पण दोनला अमळनेरची एसटी होती आणि संध्याकाळी मुलीचा साखरपुडा. शिवाय भर कोर्टात "साहेब, माझी पावरी कच्ची आहे" असं कोण म्हणणार? माझी अब्रू गेली असती ना!

"हो साहेब, कबूल आहे," मी म्हणालो.

वनाला तीन महिन्यांची कैद झाली. मला एसटी मिळाली. साखरपुड्यात मी दोन पेढे खाल्ले, त्याची आजही लाज वाटते.

महिन्याभरात केबल मालकाच्याच मेहुण्याच्या विहिरीवर सापडली. पण कागदावर वनाची कबुली होती. जळगावहून प्रमिलाबाई नावाच्या वकील आल्या. म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, आपल्यावर आरोप काय आहे हे माणसाला त्याच्या भाषेत कळायला हवं. राज्यघटना त्याच्या पाड्यासाठीही लिहिलीय. त्याला कळलं नव्हतं, एवढं प्रतिज्ञापत्र द्या. वरच्या कोर्टातून मी त्याला सोडवते."

"बघतो," मी म्हणालो. नोकरी जाईल या भीतीनं नुसतं बघतच राहिलो. उरलेले दोन महिनेही वनानं भोगले.

सुटल्यावर तो थेट कोर्टात आला. शिव्या देईल असं मला वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. तो व्हरांड्यात माझ्यासमोर उकिडवा बसला आणि बागेत मजुरी करताना शिकलेल्या खानदेशीत म्हणाला, "भाऊ, त्या दिन साहेबनी गोठ सांगी. मी हुंकारा दिधा. पन गोठ पुरी व्हयनी नही, माले लई गयात. शेवट काय व्हता?"

साहेबांच्या त्या गोष्टीचा शेवट तो मला विचारत होता. तीन महिने आपण कशासाठी भोगले, हेच त्याला माहीत नव्हतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. केबल चोरीला गेली. तुझं नाव घेतलं. तू 'नाही' म्हणाला असतास तर तिथंच शिक्षा झाली नसती. तू कबूल केलं असं मी खोटंच सांगितलं. माहीत असून सांगितलं. पुढे वकीलबाईंनी तुझ्यासाठी प्रतिज्ञापत्र मागितलं, तेही दिलं नाही.

आणि माझ्या प्रत्येक वाक्याला, खाली बघून, हात जोडून वना म्हणत होता, "हां."