संशयितकाका

संशयितकाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पडद्याशेजारी जाऊन उभे राहायचे. हात मागे, नजर तिरकी, चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव. नवीन माणूस दचकायचा. मग काका खळखळून हसायचे, "आल्झो, म्हणजे काय, तरुणपणची सवय! आता पोहे आणा."

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये आम्ही आयटीवाली मराठी मंडळी जमायला लागलो, त्याच्या कितीतरी आधीपासून काका तिथं होते. मिरजेहून इंजिनिअरिंग शिकायला आले आणि एका मित्राच्या ओळखीनं सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. तो काळ्यापांढऱ्या रहस्यपटांचा जमाना. गोष्ट लंडनची, शूटिंग म्युनिकमध्ये. खून झाला की सगळे वळून ज्याच्याकडे बघत, तो फेटेवाला हिंदुस्थानी नोकर म्हणजे आमचे काका. "खुनी मी कधीच नव्हतो हं," ते सांगायचे. "एवढा मोठा रोल आपल्याला कोण देणार? खुनी नेहमी घरंदाज गोरा. आपण आपले मध्यंतरापर्यंत संशय घ्यायला."

काका मुळात घाऱ्या डोळ्यांचे, गोरेपान. मेकअपच्या बाई वैतागायच्या, "तू पुरेसा हिंदुस्थानी दिसत नाहीस," आणि तोंडाला तपकिरी रंग फासायच्या. सिनेमातले महाराज बव्हेरियातलेच कुणी नट. त्यांनाही तोच रंग. "धुकं मशीनचं, लंडन पुठ्ठ्याचं, महाराज इथलेच. खरा माल मी एकटा, तर मलाही रंगवून खोटा केला!" काका इतके हसायचे की आम्हीही हसायचो. घरी आल्यावर ते हसू जरा टोचायचं.

त्यांची नात मीरा मात्र हसायची नाही. युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरगी. मराठी समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये. एकदा तिनं आजोबांचा एक सिनेमा पाहिला आणि माझ्यादेखत त्यांना विचारलं, "ओपा, हे तू केलंसच कसं? लाज नाही वाटली?"

 ती गेल्यावर काका मला म्हणाले, "तिचं चुकत नाही गं. पण तेव्हा पडद्यावर जायला आम्हाला दार एकच होतं, नोकरांचं. मी त्यातून आत गेलो."

मीरा त्यांच्याकडे येईनाशी झाली. काका विनोद करत राहिले, पण दाराची बेल वाजली की आधी तेच उठायचे.

त्या शरदात गावातल्या फिल्मक्लबनं जुन्या क्रिमीची, म्हणजे रहस्यपटांची, संध्याकाळ ठेवली. त्यात काकांचाही एक, मीरानं न पाहिलेला सिनेमा होता. मी मीराला फोन केला, "त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी ये." ती आली आणि अंगातला कोट न काढता शेवटच्या रांगेत बसली.

पडद्यावर लॉर्डसाहेब कोसळले. इन्स्पेक्टरनं नोकराची कॉलर धरली. तरुण काका हात जोडून काहीतरी पुटपुटले, भेसूर संगीत वाजलं आणि जर्मन मंडळी भ्यायल्याचं नाटक करत हसली. पटकथेत तिथं नुसतं 'परक्या भाषेत शाप देतो' असं लिहिलं होतं, हे काकांनी मला नंतर सांगितलं. आम्हा मराठी माणसांना मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं, "साहेब, मी काही केलेलं नाही. मी फक्त चहा आणला होता हो."

आम्ही चकित होऊन एकमेकांकडे बघतोय, तोवर मागून मीरा उठली आणि जर्मनमध्ये ओरडली, "तो शाप देत नाहीये! तो म्हणतोय, मी काही केलेलं नाही, मी फक्त चहा आणला!"

 मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ सगळ्यांनी. काका मान खाली घालून चष्मा पुसत बसले.

घरी चालत जाताना मीरानं त्यांचा हात धरला होता. अडखळत, मराठीत तिनं विचारलं, "आजोबा, बाकी सिनेमात तू काय बोलला?"

"बाकीच्यांत गप्पच होतो गं," काका म्हणाले.

त्याच हिवाळ्यात ते गेले. शनिवारी मीरा आता माझ्याकडे मराठी शिकायला येते. चुका भरपूर करते, पण गप्प म्हणून बसत नाही.