पेपरचं कव्हर

एम.ए.ला मी इस्लामी विचार आणि विज्ञान हा विषय घेतला, तेव्हा त्यात काय शिकवतात हे आमच्या वस्तीत कोणी विचारलंच नाही. बगदादच्या वेधशाळेबद्दल, तिथल्या दवाखान्यांबद्दल सांगायला मी नुसती तडफडत होते. पण छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली ती आधी वाचून, ऐकून. त्यामुळे पोरगी दुसऱ्या धर्माचं पुस्तक वाचते म्हटल्यावर पुढचं सगळ्यांनी गृहीतच धरलं.

एका रविवारी काका आले. टेबलावरचं जाड पुस्तक बघून म्हणाले, "काहून वं, पुन्हा धर्म बदलून राहिली का?"

"नाही. शिकून राहिली."

"मंग त्याले पेपरचं कव्हर तरी घाल. रस्त्यानं नेतेस, लोक पाहून राहिले." आणि पुस्तक हातात घेऊन त्यांनी स्वतःच पेपर उलगडला.

माझं डोकं फिरलं. पुस्तक मी त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं.

"काका, तुम्ही धर्म बदलला तो पांढरे कपडे घालून, भर दिवसा, मैदानात, साऱ्या दुनियेसमोर. मले बदलायचा असता, तर तुमची पुतणी तो पेपरात गुंडाळून बदलंल का?"