टाके घातलेलं इंजिन आणि खंबाटकीचा घाट

गाडी ट्रेलरवर टाकून न्यायची की चालवत, यावर महिनाभर वाद झाला. वाद घालणारे दोघंच, मी आणि गायकवाड काका. कऱ्हाडच्या पुढे एका खासगी धावपट्टीवर जुन्या-नव्या गाड्यांच्या चारशे मीटरच्या शर्यती होत्या. काका म्हणाले, "शर्यतीला बैल टेम्पोतून नेतात. गाडी नाही." विषय संपला.

मी वारज्यात राहते, आठवडाभर आयटीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार माझे हात ग्रीसमध्ये असतात. चार वर्षांपूर्वी साठच्या दशकातली एक लाल अमेरिकन मस्टँग मी भंगारातून उचलली. इंजिन आठ सिलिंडरचं, आणि त्याच्या बिडाच्या ब्लॉकला वीतभर तडा. जाणकारांनी सल्ला दिला, इंजिन नवीन मागवा, नाहीतर गाडी शोभेला ठेवा. काका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, निवृत्त फिटर आहेत. त्यांनी तड्याच्या रेषेवर ओळीने भोकं पाडली, आटे कापले आणि एकमेकींना धरून राहतील अशा पिना घट्ट बसवल्या. याला बिडाला टाके घालणं म्हणतात. हे टाके पूर्ण ताकदीला टिकतात हे काकांना एकदा सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते दाखवता येत नाही, वरच्या घरांत लोक झोपलेले असतात.

रविवारी सकाळी सहाला निघालो. मी लिंबू-मिरची बांधायला घेतली तर काका म्हणाले, "ऑइल बघितलंस का? तेच आपलं लिंबू." मी मुकाट्याने ऑइल बघितलं.

अशी गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी एक सांगते. स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे ट्रकच्या मागे असताना समोरचं काहीही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्या माणसावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो. काका फक्त दोन शब्द बोलत होते, "थांब" आणि "जा". कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, शिरवळ, असं सगळं या दोन शब्दांवर पार पडलं. शिरवळला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, पाव गरम करून मागा. गाडी लिटरला जेमतेम पाच किलोमीटर देते, तेव्हा खाण्यात काटकसर करून काही उपयोग नाही.

खंबाटकीच्या चढाला मधल्या वळणावर तापमानाचा काटा हलला आणि बघता बघता लाल पट्टीच्या पार गेला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आणि तोंडातून निघून गेलं, "टाके उसवले. मला आधीपासून वाटतच होतं!"

काका माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत. उतरले, बोनेट उघडलं. वाफ नाही, पाण्याची गळती नाही. टाक्यांच्या ओळीवरून त्यांनी हातरुमाल फिरवला, तो कोरडा निघाला. मग आत डोकावून त्यांनी मला किल्ली अर्धी फिरवायला सांगितली.

"पेट्रोल किती भरलं होतंस?"

"अर्धी टाकी."

"काटा तर टाकी फुल म्हणतोय. घाटात पेट्रोल वाढतं का गं?"

दोन्ही काटे खोटं बोलत होते. या जुन्या गाडीत काट्यांचं अर्थिंग त्यांच्या पॅनेलच्या पत्र्यातून होतं. ते तुटलं की काटे उगाच वर पळतात. आणि गेल्या आठवड्यात, शर्यतीला गाडी झकास दिसावी म्हणून, मी त्या पॅनेलची मागची बाजूसुद्धा रंगवली होती. जी बाजू कुणालाही दिसत नाही ती! रंगातून वीज जात नाही, आणि स्क्रूपाशी राहिलेला पत्र्याचा थोडासा स्पर्श घाटातल्या हादऱ्यांनी गेला असणार.

"चार कोट मारलेस?" काकांनी विचारलं.

"तीन."

"कमी पडले."

पॅनेल काढून स्क्रूभोवतीचा माझा लाडका रंग आम्ही पॉलिशपेपरने खरवडला. पाऊण तास गेला. काटे जागेवर आले. माफी मागायचं धैर्य मात्र मला झालं नाही. साताऱ्यापर्यंत गाडीत "थांब" आणि "जा" एवढंच होतं.

धावपट्टीवर गाडीत एकट्या चालकालाच परवानगी होती. काका कठड्याशी उभे राहिले. पहिल्या धावेत मी छान सुटले, आवाज छातीत घुमत होता, पण शेवटच्या टप्प्यात मनात तो लाल पट्टीपार गेलेला काटा आला. परत आले तेव्हा काका एवढंच म्हणाले, "पाय उचललास."

डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी ते इंजिनाच्या आवाजात ऐकलं होतं. मला इतकी लाज वाटली की पाणी प्यायलाही थांबले नाही, सरळ दुसऱ्या धावेच्या रांगेत लागले. या वेळी पाय तळाला टेकवला आणि रेषा ओलांडेपर्यंत तिथेच ठेवला. शेजारची इलेक्ट्रिक गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती, जाऊ दे. आठही सिलिंडर एका सुरात बोलत होते. परत आले तर काका बोनेट उघडून बघत होते, आणि चार अनोळखी लोक त्यांना टाके कसे घातले ते विचारत होते. काका अगदी सावकाश समजावून सांगत होते.

संध्याकाळी वारज्यात पोचलो. दोन्ही वेळच्या जेवणासकट प्रवास एका दिवसात आरामात होतो, सकाळी लवकर निघा म्हणजे झालं. या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं? शर्यतीत आमचा नंबर शेवटून दुसरा, तोही आता आठवावा लागतो. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर मी एकदाचं म्हटलं, "काका, घाटात मी बोलले ते चुकलं."

"चुकलं कसलं? काटा वर गेला तेव्हा मलाही वाटलं, संपलं सगळं."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

ते दार लोटून उतरले. "दोघांनी घाबरून कसं चालेल? कुणीतरी बोनेट उघडायला नको?"